ओट्याशेजारचा पाइप

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की मी माझी खुर्ची स्वयंपाकघरात नेते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या घरात तेवढीच एक जागा जरा गार असते. पश्चिमेचं ऊन तिथं पोचत नाही, आणि नळाला पाणी आठवड्यानं येत असल्यामुळं भरून ठेवलेल्या पिंपांचा ओलसर वास तिथल्या हवेत असतो. समोर पुस्तक, डाव्या हाताला ओटा, आणि ओट्याशेजारी भिंतीतून बाहेर आलेला तो पाइप. लोखंडी, मनगटापेक्षा जाड, अडीच फूट लांब, टोकाला टोपण. आई त्याच्यावर हात पुसायचं फडकं वाळत घालते.

घरात नवीन माणूस आलं की आधी पाइपाकडं बघतं, मग आमच्याकडं. एकदा शेजारच्या मावशींनी विचारलं, "हा गॅसचा आहे का हो?"

आई म्हणाली, "न्हाई. लेकीच्या इंजिनिअरिंगचा हाय."

मावशींना ते पटलं असावं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

यंदा माझं शेवटचं वर्ष. हॉल तिकीट आलं आहे, प्रोजेक्टची वही बांधून झाली आहे. अभ्यासाला बसले की मन मात्र पुस्तकात कमी आणि पहिल्या वर्षाच्या त्या उन्हाळ्यात जास्त जातं. तो उन्हाळा मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. त्यात फार काही घडलं नाही. एक गॅरेज होतं, त्याचं वर्कशॉप झालं. पण त्या सगळ्या दिवसांत माझ्या पोटात एक गोष्ट होती आणि ती घरी कुणाला माहीत नव्हती, म्हणून तो उन्हाळा मला इतका लख्ख आठवतो.

आमचं घर पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं. घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघराला लागून गाडीसाठी जागा सोडली होती. वसाहतीत सगळ्यांनी सोडली, म्हणून आम्हीही. तीन बाजूंनी भिंती, वर पत्रे, पुढं शटर. गाडी कधी आली नाही. तिथं अप्पांची मोटरसायकल, बिघडलेला कूलर, मामाकडून आलेली गव्हाची पोती आणि पापड वाळवायची खाट असायची. तरी आम्ही तिला गॅरेजच म्हणायचो.

माझे वडील, म्हणजे अप्पा, चितेगावच्या एका कंपनीत टर्नर होते. लेथवर लोखंड धरायचं, फिरवायचं, हवं तेवढं कातून काढायचं, हे त्यांनी माझ्या जन्माच्या आधीपासून केलं. मी कॉलेजात गेले त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला त्यांचा विभाग बंद झाला. त्यानंतर कितीतरी दिवस ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, अंघोळ करायचे, बूट घालायचे आणि अंगणात उभे राहायचे. आई सवयीनं विचारायची, "डबा करू का?" आणि मग डबा परत मांडणीवर ठेवायची.

एका सकाळी त्यांनी गॅरेजमधलं सगळं सामान अंगणात काढलं. फरशी धुतली. आणि माझ्या कंपासपेटीतला खडू घेऊन फरशीवर आखायला लागले. हे लेथ, हे ड्रिल, हा टेबल, हा ग्राइंडर. सगळं खऱ्या मापाचं. आखून झाल्यावर ते त्या खडूच्या लेथसमोर उभे राहिले, हवेत हँडल फिरवलं, मागं वळले, दोन पावलं टाकून खडूच्या टेबलावर काहीतरी ठेवलं. मान हलवली. एक रेघ पुसली, वीतभर सरकवून पुन्हा काढली. असं तीन दिवस चाललं होतं. आईला मधनं चालून बघायला सांगायचे.

"अगं, तिकडून नगं. तिथं ग्राइंडर हाय."

"मंग मी ग्राइंडरमधून आले म्हणायची," आई म्हणायची, आणि तशीच रेघेवरून चालत जायची.

त्या आखणीत लेथ भिंतीपासून लांब, जागेच्या मधोमध आणि तिरपं होतं. मला ते वेंधळं वाटलं. माझी पहिली सहामाही नुकतीच संपली होती, निकाल यायचा होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आपण काय शिकतो हे घरी दाखवावं असं फार वाटायचं, पण गणितातलं किंवा रसायनशास्त्रातलं दाखवणार काय? इथं पहिल्यांदाच दाखवण्यासारखं काही सापडलं.

"अप्पा, मी याचं नीट ड्रॉइंग काढून देऊ का?"

अप्पांनी हातातला खडू खाली ठेवला. मग कोपऱ्यातलं ओलं फडकं घेतलं आणि सगळी खडूची आखणी स्वतःच्या हातानं पुसून टाकली. "काढ," म्हणाले.

ती पुसलेली फरशी मला आजही दिसते. तेव्हा मला फक्त अभिमान वाटला होता.

मी शहरातल्या औरंगपुऱ्यातून मोठी शीट आणली. चार दिवस रेघा आखायचा ड्राफ्टर लावून बसले. वरून दिसणारा आराखडा, समोरून, बाजूनं. सगळी यंत्रं भिंतींना धरून, ओळीत. लेथचं डावं टोक स्वयंपाकघराच्या भिंतीला जवळजवळ टेकवलं, कारण खिडकीचा उजेड तिथं चांगला पडायचा आणि कागदावर ते फार छान दिसायचं. खालच्या कोपऱ्यात चौकट काढली. 'आरेखन' या शब्दापुढं माझं नाव लिहिलं. 'तपासणी' पुढची जागा रिकामी ठेवली.

अप्पांनी शीटला हात लावण्याआधी साबणानं हात धुतले, पंच्याला पुसले. कंपनीतली पद्धत होती ती. ऑइलचा हात ड्रॉइंगला लावायचा नाही. दुसरी पद्धतही होती. ड्रॉइंगवर कामगारानं पेन टेकवायचा नाही. त्यात काही चुकलं असं वाटलं तर साहेबाकडं जायचं, साहेब बघेल, साहेब सही करेल, तोवर मशीन बंद. ते मला लहानपणापासून माहीत होतं. पण आता आमच्या घरातला साहेब कोण झाला आहे, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांनी सगळं त्या कागदाबरहुकूम केलं. शहागंजातल्या जुन्या लोखंडाच्या दुकानातून काम घट्ट पकडायचा वाईस आणला, त्याचं टेबल मी दाखवलं होतं तेवढ्याच उंचीचं केलं. एका बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं लेथ टेम्पोतून आलं. रशीदचाचांनी, आमचं घर बांधणाऱ्या मिस्त्रींनी, त्याच्यासाठी काँक्रीटचा चौथरा घातला. लेथच्या पायांचे बोल्ट त्यातच रोवायचे होते. चाचांनी माझी शीट बघितली, भिंत बघितली, आणि अप्पांना म्हणाले, "भाऊ, ये मशीन दीवार को इतना चिपकाने का? तुम तो बीच में बोल रहे थे."

"ड्रॉइंगमंदी हाय तसं करा," अप्पा म्हणाले.

काँक्रीट ओलं असतानाच माझा निकाल आला. मोबाइलवर बघितला. सगळ्या विषयांत पास, इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये नापास.

मी गॅरेजच्या दारात गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. अप्पा त्या काँक्रीटवर तांब्यानं पाणी शिंपडत होते. नळाला पाणी येऊन पाच दिवस झाले होते, म्हणून आईनं तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून ठेवलं होतं. एकेका बोल्टभोवती ते जपून पाणी सोडत होते. मला बघून म्हणाले, "काय गं ताई?"

"काही नाही," मी म्हणाले.

ती 'ताई' अशी हाक माझ्या मनात अजून तशीच आहे. घरातल्या थोरल्या लेकीला आमच्याकडं वडीलही ताई म्हणतात. त्या दिवशी त्या हाकेत थोडा मान होता, आणि तो मान मी खोटा घेतला असं मला वाटलं. पुढचे दोन महिने मी त्या एका भीतीत काढले. अप्पांना कळेल की ज्या कागदावर त्यांनी सगळं उभं केलं, तो काढणारी त्याच विषयात नापास झाली आहे. वर्कशॉप चांगलं चाललं तर कळणारच नाही, अशी एक वेडी आशाही होती.

एप्रिलमध्ये मामा आला. त्याची शेती बिडकीनकडं आहे. पेरणीयंत्राचा शाफ्ट, म्हणजे लांब लोखंडी दांडा, खांद्यावर घेऊन तो थेट गॅरेजमध्ये शिरला.

"दाजी, तुमच्या वर्कशॉपचं पहिलं काम माझं. दोन्ही टोकं बेअरिंगच्या मापाला कातून द्या. तुमच्याकडनं झालं तर आमच्या गावातले आणखी चार जण तयार हायेत. न्हाई झालं तर तसं सांगा, लाजू नका. मी काय, पाव्हणा असलो तरी गिऱ्हाईक हाय."

अप्पांनी शाफ्ट हातात घेतला. पाच फूट लांब. एवढा लांब शाफ्ट लेथवर पूर्ण आडवा मावत नाही. तो लेथच्या पोकळ पोटातून घालतात, कातायचं टोक उजवीकडं राहतं आणि उरलेली लांबी डावीकडं मागून बाहेर निघते. आमच्या लेथच्या डावीकडं भिंत होती. भिंत आणि लेथ यांच्यामध्ये चार बोटं जागा.

अप्पांनी शाफ्ट घातला. तो भिंतीला टक्कन लागला.

मला त्या क्षणी सगळं कळलं. मधोमध, तिरपं आखलेलं लेथ. 'वेंधळं.' मामा काहीबाही बोलत होता, ते मला ऐकू येत नव्हतं. तो चहा प्यायला आत गेल्यावर मी अप्पांना विचारलं, "तुम्हाला हे आधी दिसलं होतं ना?"

"दिसलं व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

अप्पांनी शाफ्ट हळू बाहेर काढला, टेबलावर ठेवला, घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे लावले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुमच्या पुस्तकात काय वेगळं असंल. आम्ही आपलं बघून बघून शिकलेलो."

इतकं सरळ वाक्य होतं ते. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिथंच, लोखंडाच्या किसात उभी राहून सांगून टाकलं की मी ड्रॉइंगमध्ये नापास आहे, काँक्रीट ओलं होतं तेव्हापासून मला माहीत आहे, मी सांगितलं नाही. रडले का, ते आठवत नाही. माझ्या चपलेला कटिंग ऑइल लागलं होतं आणि मी त्याच्याकडं बघत होते, एवढं आठवतं.

अप्पांनी शाफ्टजवळचा एक लाकडाचा तुकडा नीट सरकवला. मग विचारलं, "पुन्हा पेपर हाय का?"

"मे महिन्यात."

"मंग ते रिजेक्ट न्हाई. रिवर्क हाय."

कंपनीत कामाचे दोन डबे असायचे, हे त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. रिजेक्टचा डबा भंगारात जायचा. रिवर्कचा डबा परत मशीनवर यायचा. चिडून किंवा समजूत घालण्यासाठी नाही, तर मी कोणत्या डब्यात आहे एवढंच बघून सांगावं, तसं ते बोलले. मला त्यानंतर पुष्कळांनी धीर दिला आहे. पण इतक्या नेमकेपणानं कुणी दिलेला नाही.

लेथ हलवायचं तर काँक्रीट फोडावं लागणार होतं. दुसरा मार्ग भिंतीला भोक पाडायचा. शाफ्टची शेपटी स्वयंपाकघरात निघेल, तिच्यावर पाइप बसवायचा, म्हणजे ती आतल्या आत फिरेल, कुणाला लागणार नाही. आईला विचारलं. आई म्हणाली, "पिंप कुठं ठेवू ते सांगा, मंग काय पायजे ते पाडा."

दुसऱ्या दिवशी रशीदचाचा आले. त्यांना भोकाची भीती नव्हती, नळाची होती. त्या भिंतीत, स्वयंपाकघराच्या बाजूला, बेसिनच्या नळाचा पाइप आडवा गाडलेला होता. त्यांनीच गाडला होता, ओट्याच्या वीतभर वर. "पहले ये बोलो, उधर किधर निकलेगा. पाइप फूटा तो भाभी मेरेको जेवायला नाय देणार. हप्ताभर का पानी है घर में."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, सांग."

काल सगळं कळल्यावरही त्यांनी मलाच विचारलं. या गोष्टीसाठी मी त्यांची सगळ्यात जास्त ऋणी आहे, आणि हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही.

भिंतीत स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायचं एक दार आहे. त्या दाराच्या चौकटीपासून लेथच्या मध्यापर्यंतचं अंतर मी गॅरेजच्या बाजूनं मोजलं. फरशीपासूनची उंची मोजली. एकेचाळीस इंच. मग स्वयंपाकघरात येऊन चौकटीपासून तेवढंच अंतर, फरशीपासून तेवढीच उंची घेऊन पेन्सिलीनं अधिकचं चिन्ह काढलं. ते बरोबर नळाच्या गाडलेल्या पाइपावर आलं.

चाचांनी छन्नी खाली ठेवली. अप्पा म्हणाले, "मंग काँक्रीट फोडू." त्यांच्या आवाजात काही नव्हतं. पण ते काँक्रीट घरातल्या वाचवलेल्या पाण्यावर पक्कं झालं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आईनं चहाचे कप माझ्या हातात दिले. ते घेऊन मी दारातून गॅरेजमध्ये उतरले. उतरले, आणि तिथंच थांबले. कपातला चहा बशीत सांडला. गॅरेजची फरशी एक पायरी खाली आहे. त्या दारातून मी रोज दहा वेळा जाते, माझ्या पायाला ती पायरी माहीत होती. माझ्या मोजण्याला माहीत नव्हती.

पायरी सात इंचांची होती. एकेचाळीसातून सात गेले, चौतीस. चिन्ह सात इंच खाली आलं, नळाच्या पाइपापासून लांब, ओट्याच्या किंचित वर.

परीक्षेत मी नेमकी इथंच अडले होते. एकच वस्तू समोरून आणि बाजूनं काढताना एका चित्रातला बिंदू दुसऱ्या चित्रात कुठं जातो, ते मला दिसायचं नाही. मी नुसत्या रेघा पाठ केल्या होत्या. त्या सकाळी मी भिंतीच्या एका बाजूला उभी राहून दुसऱ्या बाजूचा बिंदू पहिल्यांदा बघितला.

चाचांनी पलीकडून काम सुरू केलं. अप्पांनी एका सळईला टोक काढून ती लेथच्या पोटातून भिंतीला टेकवली होती, तिच्या दुसऱ्या टोकावर चाचांचा हातोडा पडत होता. मी आणि आई इकडं उभ्या. विटेची लाल भुकटी पडायला लागली. आईनं दोन पिंपांवर चादर टाकली आणि माझा दंड धरून ठेवला. मग गिलाव्याचा एक पापुद्रा सुटला आणि सळईचं टोक बाहेर आलं. माझ्या चिन्हापासून दोन सूत उजवीकडं. दोन सूत म्हणजे पाव इंच.

अप्पा आत आले. वाकून बघितलं. "पाइप बसतो तेवढ्यात," म्हणाले. चाचा भिंतीतल्या भोकातून म्हणाले, "बेटी, मेरे साथ काम पे आती क्या?"

मामाचा शाफ्ट त्याच आठवड्यात झाला. तो कातला जात असताना मामा स्वयंपाकघरात जेवत होता आणि त्याच्या शेजारी पाइपात त्याचाच शाफ्ट घरघरत होता. "ताई," तो आईला म्हणाला, "तुझ्याकडं जेवायला आलं की पेरणीयंत्र पण पंगतीला बसतं बघ."

मे महिन्यात मी पेपर दिला. पास झाले, फार गुण नव्हते. नंतर कितीतरी शाफ्ट त्या भिंतीतून गेले. लेथ बंद असलं की त्याचं पोट आणि पाइप मिळून एक लांब नळी होते. आई पाइपाचं टोपण काढते, वाकते आणि त्यात म्हणते, "च्या झाला." पलीकडून लोखंडातून घुमून आवाज येतो, "आलो." मी अभ्यास करत बसलेली असते. चहाला आल्याचा वास, पाइपातून येणारा गरम लोखंडाचा आणि ऑइलचा वास. माझ्या सगळ्या परीक्षांना हे दोन वास आहेत.

परवा मी गॅरेजमधून ती शीट काढून आणली. कडा पिवळ्या झाल्या आहेत. भोक पाडल्यावर मी तिच्यात पाइप दाखवला होता, सात इंचांची पायरीही. 'तपासणी' पुढची जागा मात्र अजून रिकामी होती. माझ्या प्रोजेक्टच्या वहीत त्या जागेवर सरांची सही आहे, ते बघून मला हे आठवलं. मी शीट ओट्यावर पसरली आणि अप्पांना म्हणाले, "इथं तुमची सही पाहिजे."

"माझी? ती सायबाची जागा असती."

"तपासणाऱ्याची असते."

अप्पा उठले. मोरीत गेले, साबणानं हात धुतले, पंच्याला पुसले. चष्मा लावला. मला वाटलं, सही करतील. पण त्यांनी माझी पट्टी मागितली. आणि कोपऱ्यातून सुरुवात करून एकेक माप बघायला लागले. लेथ, टेबल, ड्रिल, खिडकी. आईनं दोनदा चहा गरम केला. शेवटी त्यांचं बोट दारावर थांबलं.

"हे दार सैपाकघरात उघडतं," ते म्हणाले. "तू गॅरेजमंदी उघडलंय."

मी मान वर करून दाराकडं बघितलं. ते माझ्या खुर्चीला टेकून, स्वयंपाकघरातच उघडं होतं.

"हे पण तेव्हाच दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

मी खोडरबर आणलं. दार कुठं उघडतं ते दाखवणारी ती कमान पुसली, स्वयंपाकघराच्या बाजूला काढली. अप्पांनी ती पुन्हा एकदा बघितली, पट्टी लावून. मग माझ्या हातातला पेन घेतला.